अधिक-उणे

आमच्या मॅडमसमोर कुणी "नक्की" हा शब्द उच्चारला की त्या हातातलं काम खाली ठेवायच्या, चष्मा कपाळावर चढवायच्या आणि शांतपणे विचारायच्या, "किती नक्की?"

समोरच्याला आधी वाटायचं, बाई चेष्टा करतायत. मग कळायचं की नाही, बाई उत्तराची वाट बघतायत. रेवदंड्याचे रिक्षावाले त्यांना ओळखून होते. "अर्ध्या तासात अलिबाग, मॅडम," असं कुणी म्हणालं की पुढचा प्रश्न ठरलेला, "अधिक-उणे किती?" एका रिक्षावाल्याने शेवटी हात जोडून सांगितलं, "अधिक एक तास, मॅडम. उणे काय न्हाय." हे उत्तर त्यांना इतकं आवडलं की पुढे वर्षभर त्या त्याच्याच रिक्षेतून गेल्या. ती रिक्षा वाटेत हमखास बंद पडायची. पण तो माणूस, त्यांच्या मते, शास्त्रशुद्ध होता.

मी त्यांच्या हाताखाली चार वर्षं काम केलं. माती तपासणाऱ्या एका छोट्या कंपनीत त्या सर्वांत ज्येष्ठ इंजिनिअर आणि मी सर्वांत कनिष्ठ. मधे कुणी नव्हतंच, कारण मधले सगळे जास्त पगारावर न्हावा शेव्याच्या बाजूला बंदराच्या कामांवर निघून गेले होते. आमचं काम सांगायला सोपं होतं. पूल, धक्का, गोदाम, काहीही बांधायचं असलं आणि वरची जमीन मऊ असली की खाली खोलवर काँक्रीटचे खांब उतरवावे लागतात. त्यांना पाइल म्हणतात. असा एक पाइल किती टन भार पेलेल ते आम्ही सांगायचं. म्हणजे जी गोष्ट कुणाच्याही डोळ्यांना कधीच दिसणार नाही, तिच्या ताकदीवर सही करायची.

"भोक दहा सेंटिमीटरचं," मॅडम म्हणायच्या, "आणि पूल दोनशे मीटरचा. मधली सगळी जमीन आपण मनाने रचलेली. पण रिपोर्टला प्लास्टिकचं कव्हर घातलं की ती खरी वाटायला लागते."

त्यात आमच्या किनाऱ्याची जमीन म्हणजे सगळी सरमिसळ. वर खाडीचा काळा चिखल, त्याखाली शिंपल्यांची वाळू, मग वाळू आणि चिखल एकमेकांत कालवलेले, मग मुरूम, आणि मग कधीतरी खडक. हा क्रमसुद्धा पंचवीस पावलांवर बदलतो. "चिकणमातीचं पुस्तक आहे, वाळूचंही आहे," मॅडम सांगायच्या. "हिचं नाही. ही सासरी एक बोलते आणि माहेरी एक." त्यामुळे एकाच पाइलची ताकद चार सूत्रांनी काढली की चार उत्तरं यायची, आणि त्यांत कधीकधी दुपटीचा फरक असायचा. बाकीचे इंजिनिअर अशा वेळी मधलं कुठलं तरी उत्तर उचलून बाकीची तीन पानं फाडून टाकत. मॅडम चारही उत्तरं रिपोर्टात छापायच्या. गिऱ्हाईक चिडून फोन करायचं, "मॅडम, आम्हाला एक आकडा पाहिजे." मॅडम म्हणायच्या, "मलाही."

ओली माती त्या तळहातावर घेऊन दुसऱ्या हाताने थोपटायच्या. पाणी चकाकत वर आलं की ती बारीक वाळूच्या जातीची, नाही आलं की चिकणमाती. ही तपासणी जुनीच आहे, कुठल्याही कॉलेजात शिकवतात. पण मॅडम ती कुठेही करायच्या. एका गणपतीत मी त्यांच्या अलिबागच्या घरी गेले तर त्यांच्या आई मोदकांची उकड मळत होत्या. मॅडमनी त्यातला गोळा उचलला, तळहातावर थोपटला आणि जाहीर केलं, "पाणी वर आलं. आई, हिच्या पाऱ्या फाटणार." पाऱ्या एकूण एक फाटल्या. त्यानंतर त्यांच्या आईंनी उकड काढताना स्वयंपाकघराचं दार आतून लावून घ्यायला सुरुवात केली.

लग्नाची गोष्टही मला आईंनीच सांगितली. मॅडम तिशीच्या आतल्या असताना पेणचे कुणी बघायला आले होते. मुलाच्या मावशीने विचारलं, "स्वयंपाक येतो ना?" मॅडम म्हणाल्या, "कशाने मोजणार त्यावर आहे." मग मुलाने धीर करून विचारलं, "माझ्याशी जमेल असं वाटतं का?" त्यावर या पुढे सरसावून म्हणाल्या, "आता तुमचं वरचं वीतभर दिसलंय. खाली काय आहे ते बघायला वेळ लागेल." पाहुणे पोह्यांच्या बशा तशाच ठेवून उठले. "मी म्हटलं, अगं, लोक लग्न करतात ते खोदून बघून करतात का?" आई हसत हसत सांगत होत्या. आतल्या खोलीतून मॅडमचा आवाज आला, "म्हणूनच खचतात."

साइटवर मॅडमची एक लाल कापडी घडीची खुर्ची असायची. तिच्यावर दुसरं कुणी बसायचं नाही. अपवाद एकच, आणि तो त्यांच्या चिठ्ठ्यांच्या खेळातून निघाला होता. पाइल ओतला की महिन्याभराने त्याची परीक्षा होते. त्याच्या डोक्यावर मचाण उभारायचं, मचाणावर काँक्रीटचे ठोकळे रचायचे आणि जॅकने थोडाथोडा भार पाइलवर सोडत तो किती मिलिमीटर खचतो ते बघायचं. मॅडमचा नियम असा, की पाइल ओतला त्याच दिवशी साइटवरच्या प्रत्येकाने चिठ्ठी लिहायची: हा पाइल बारा मिलिमीटर खचेल तो किती टनांना? चिठ्ठ्या एका पत्र्याच्या डब्यात जायच्या. परीक्षेच्या दिवशी डबा उघडायचा. ज्याचा आकडा सर्वांत जवळ त्याने दुसऱ्या दिवशी लाल खुर्चीवर बसायचं आणि मॅडमनी दिवसभर उभं राहायचं.

सगळ्यांना ही गंमत वाटायची. मॅडमना वाटायची नाही. "चूक मोजायला आधी ती कुठेतरी लिहिलेली लागते," त्या म्हणायच्या. इंजिनिअरांच्या चिठ्ठ्या मात्र त्या डब्यात टाकण्याआधी स्वतः बघायच्या. साइटवर इंजिनिअर आम्ही दोघीच. आमच्या आकड्यांत पावपटीपेक्षा जास्त फरक आला तर काम थांबवून दोघींनी पुन्हा सगळं तपासायचं, आणि जुळले तर पुढच्या पाइलना हिरवा कंदील. अख्ख्या खटाटोपातला कामाचा भाग खरं तर एवढाच होता. दोन डोकी, वेगवेगळी चाललेली.

रेवदंड्याच्या अलीकडे एका खाडीवर छोटा पूल व्हायचा होता. पलीकडच्या गावातल्या लोकांना बाजाराला यायचं तर मोठा वळसा होता. काम आधीच रखडलेलं. कंत्राटदाराचा मॅनेजर नवी मुंबईहून रोज गाडी चालवत यायचा आणि गाडीतून उतरता उतरताच घाई करायला लागायचा. "मॅडम, जल्दी करा ना प्लीज. रॉक लागला, बात खतम."

"किती खतम?" मॅडम विचारायच्या.

भोक पाडणाऱ्या यंत्रावर बाळू मिस्त्री होता. माणगावकडचा, घरी भातशेती, आणि वीस वर्षं हेच काम. पहिल्या पाइलचं भोक साडेसोळा मीटरवर गेलं तेव्हा छिन्नी कठीण थरावर आपटायला लागली. वर आलेला चुरा काळा, ताज्या दगडाचा. थोड्या अंतरावर आम्ही आधी पाडलेल्या दोन भोकांत सतराच्या आसपास खडक लागलेलाच होता. नियमाप्रमाणे त्या थरात आणखी एक मीटर जायचं, तेवढं गेलो. मधे दहा मिनिटं चुऱ्याबरोबर वर येणारं पाणी पिवळसर झालं आणि पुन्हा काळं झालं. मॅडम त्या पाण्याकडे बराच वेळ बघत राहिल्या.

मी बाळू मिस्त्रीपाशी उभी होते. तो छिन्नीच्या दोरावर हात ठेवून म्हणाला, "वाजते हाय, पण बोलत न्हाय."

"म्हणजे?"

"खडकावर खण्णकन बोलते, ताई. ही बद्द वाजते हाय. खाली पोकळ असल्यावानी."

मी ते वहीत लिहून घेतलं. शेडमध्ये बसून हिशेब केला तेव्हा पाइलच्या टोकाला खालून मिळणारा आधार मी निम्माच धरला. आकडा आला एकशे नव्वद. चार सूत्रांची नेहमीसारखी सरासरी काढली तर ती दोनशे पंच्याऐंशी येत होती. मला माझ्या आकड्याची लाज वाटली. कशाच्या जोरावर मी जवळजवळ शंभर टन कापत होते? मिस्त्रीच्या एका शब्दाच्या?

तेवढ्यात मॅडम आल्या. त्यांनी पॅडवर आपली चिठ्ठी लिहिली, ती फाडून खिशात ठेवली आणि पॅड माझ्यापुढे सरकवलं. त्या पेन्सिल दाबून लिहायच्या. खालच्या कोऱ्या कागदावर आकडा उठला होता. कागद तिरपा करून बघायचीही गरज नव्हती. दोनशे साठ.

मी त्या वेळी तेवीस वर्षांची होते. मला मॅडमसारखं व्हायचं होतं. त्यांच्यासारखा चष्मा कपाळावर चढवता यावा म्हणून मी नंबर नसताना चष्मा करून घेण्याचा विचार केला होता, यावरून काय ते ओळखा. मी लिहिलं, दोनशे साठ.

मॅडमनी दोन्ही चिठ्ठ्या शेजारी शेजारी धरल्या. त्यांचा चेहरा असा झाला की मी तसा तो आधी कधी बघितला नव्हता.

"इंजिनिअर," त्या हळूच म्हणाल्या. मला त्या नेहमी याच नावाने हाक मारायच्या, बहुतेक वेळा टोमण्याने. या वेळी टोमणा नव्हता. "पंचवीस कमी का केलेस?"

सरासरीतून पंचवीस कमी केले होते ते त्यांनी, आणि का ते मला माहीत होतं. त्या पाण्याकडे बघत होत्या ते मी बघितलं होतं. "पाणी पिवळं आलं म्हणून," मी म्हणाले.

"तुला दिसलं!" मॅडम म्हणाल्या. "तीस वर्षांत कुणाला दिसलं नाही. तुला दिसलं." मग मॅनेजरकडे वळून त्या जे म्हणाल्या ते त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकलं. "दोघींचा आकडा जुळला. पुढचे पाइल सुरू करा."

मॅनेजरने परीक्षेची वाट न बघता महिन्याभरात त्याच खोलीवर आठ पाइल ओतले.

परीक्षेच्या दिवशी सकाळी साइटवर सगळे जमले. जॅकचा दट्ट्या मारायला बाळू मिस्त्री, नोंदी घ्यायला मी, मॅडम आपल्या खुर्चीवर, मॅनेजर फोनवर. चांगुणाताईही होती. ती रेवदंड्याच्या कोळीवाड्यातून आमचं जेवण घेऊन यायची आणि डबे रिकामे होईपर्यंत थांबायची. शंभर टनांपर्यंत सगळं शिस्तीत चाललं. सव्वाशेला खचणं मोजणाऱ्या मीटरचा काटा जरा जास्त सरकला. एकशे चाळीसला बारा मिलिमीटर झाले.

"मीटर बिघडला असेल," मॅनेजर म्हणाला.

चारही बाजूंना चार मीटर होते. चारही एकच सांगत होते. मॅडम उठून उभ्या राहिल्या. "पुढे चला," त्या म्हणाल्या. एकशे साठला खालून काहीतरी मोडल्यासारखा आवाज आला. आवाज म्हणण्यापेक्षा पायांना जाणवलं. काटा गरगर फिरायला लागला. ठोकळ्यांचं मचाण कुरकुरलं आणि बाळू मिस्त्री जॅक सोडून मागे पळाला. पाइल तीस मिलिमीटर खाली गेला आणि थांबला.

आम्ही ज्याला खडक समजलो तो मोठाल्या धोंड्यांचा थर होता. धोंड्याचा चुरा आणि खडकाचा चुरा सारखाच काळा. त्याच्याखाली पिवळी मऊ माती होती, आणि पाइल तो थर फोडून तिच्यात शिरला होता.

मॅडम वाकून मीटर बघत होत्या. मग त्यांनी डबा मागवला. मॅनेजर ओरडला, "मॅडम, ये टाइम है क्या?" मॅडम म्हणाल्या, "याच वेळेसाठी आहे," आणि एकेक चिठ्ठी मोठ्याने वाचली. मॅनेजर चारशे. बाळू मिस्त्री दोनशे. मॅडम दोनशे साठ. मी दोनशे साठ. चांगुणाताई शंभर.

"चांगुणाताई जिंकली," मॅडमनी जाहीर केलं. "कसा काढलात आकडा?"

"मना टन-बिन काय कलत न्हाय, मॅडम," चांगुणाताई संकोचून म्हणाली. "शंभराच्या वर मी कवा मोजलाच न्हाय."

दुसऱ्या दिवशी ती लाल खुर्चीवर बसून मांदेली साफ करत होती आणि मॅडम चिखलात उभ्या राहून अहवाल लिहीत होत्या. अहवालाचं पहिलं वाक्य होतं: पाइलच्या क्षमतेचा माझा अंदाज चुकला.

आठ पाइल वाया गेले होते, म्हणून चौकशी लागली. अलिबागच्या कार्यालयात एका अधिकाऱ्यासमोर आम्ही तिघं बसलो, मॅडम, मी आणि मॅनेजर. अधिकारी वाईट माणूस नव्हता. निवृत्तीला आला होता आणि त्याला दुपारी डबा गरम असताना खायला आवडायचं, एवढंच.

"परवानगी मी दिली," मॅडम म्हणाल्या. "माझा अंदाज चुकला."

"'चुकला' असं लिहिता येत नाही, मॅडम," अधिकारी कळवळून म्हणाला. "'भिन्नता आढळली' लिहा."

"भिन्नता एकशे वीस टनांची आहे, साहेब. तिला चूकच म्हणतात."

मॅनेजरला हे पुरेसं वाटलं नसावं. त्याने फोन पुढे केला. "साहेब, असली बात अलग आहे. मॅडम साइटवर सट्टा चालवतात. जेवणवाल्या बाईपण आकडा लावतात. हे बघा फोटो."

अधिकाऱ्याने चिठ्ठ्यांचे फोटो एकेक करून बघितले. मग तो थांबला. त्याने फोन जवळ घेतला, लांब धरला, पुन्हा जवळ घेतला. "या दोन चिठ्ठ्या तुम्हा दोघींच्या? दोन्हींवर दोनशे साठ?"

"हो."

अधिकाऱ्याचा चेहरा उजळला. त्याला वाट सापडली होती. "म्हणजे दोन अभियंत्यांनी वेगवेगळा हिशेब केला आणि आकडा एकच आला! मग यात हलगर्जी कुठे आहे? दोष जमिनीचा." जमिनीला नोटीस काढता येत नाही, हे त्याला विशेष सोयीचं होतं. त्याने पेन उघडलं. "आकडे स्वतंत्रपणे काढले होते ना?"

"माझा मी काढला," मॅडम म्हणाल्या. "तिचं तिला विचारा."

त्या माझ्याकडे बघून किंचित हसल्या. इतक्या विश्वासाने माझ्याकडे त्याआधी कुणी बघितलं नव्हतं. खरं सांगितलं तर मॅडमची नोकरी जाणार, आणि खोटं सांगितलं तर वाचणार. हे मी स्वतःला तेव्हाही सांगितलं आणि पुढे बरेच दिवस सांगत होते. खरी गोष्ट अशी, की मला फक्त त्या खोलीतून बाहेर पडायचं होतं.

"हो साहेब," मी म्हणाले. "स्वतंत्रपणे."

परतीच्या रिक्षेत, नागाव मागे पडल्यावर मॅडम आपणहून बोलल्या. "मला वाईट पाइलचं नाही वाटत, इंजिनिअर. दोन डोकी वेगवेगळी चालली आणि एकाच जागी पडली. असं होऊ शकतं हे मला माहीत असायला हवं होतं. माझी पद्धतच खोटी ठरली."

तीस वर्षांची त्यांची पद्धत माझ्यामुळे खोटी ठरत होती. तेवढं मात्र मला झेपलं नाही. मी सगळं सांगून टाकलं. दाबून लिहिलेली पेन्सिल, कोरा कागद, पिवळं पाणी, सगळं.

रिक्षावाल्याने आरसा आमच्यावर वळवला. मॅडम रस्त्याकडे बघत होत्या.

"तुझा स्वतःचा किती होता?"

"एकशे नव्वद."

"का?"

"छिन्नी बद्द वाजत होती. बाळू मिस्त्री म्हणाला होता."

"तुझ्या वहीत आहे ते?"

"आहे."

मॅडम एकदम माझ्याकडे वळल्या. मला वाटलं आता थोबाडीत बसणार. त्यांचे डोळे भरले होते. "एकशे नव्वद होता आणि तू दाबलास? अगं, मी पाणी बघितलं, तू आवाज ऐकलास. दोन्ही एकत्र आलं असतं तर आपण आणखी दोन मीटर खाली गेलो असतो. आठ पाइल, मूर्ख पोरी. आठ!" मग रिक्षावाल्याला म्हणाल्या, "मागे फिरवा."

"आता? अलिबागला?"

"आता."

अधिकारी डबा उघडून बसला होता. मॅडमनी उभ्या उभ्याच सांगितलं की दुसरा आकडा स्वतंत्र नव्हता, नोंद दुरुस्त करा. मीही सांगितलं, जमेल तेवढ्या मोठ्या आवाजात. त्याने घास गिळला.

"मॅडम, आता उपयोग नाही. फाइल वर गेली."

फाइल त्याच्या डब्याखाली होती. आमटी सांडू नये म्हणून ठेवली होती. आम्ही तिघांनीही तिच्याकडे बघितलं.

"वर गेली," तो अजिजीने पुन्हा म्हणाला.

मॅडमनी लेखी पत्र दिलं. त्याचं उत्तर आलं, नोंद घेतली आहे. पुढे त्याच खात्याने एक परिपत्रक काढलं. रेवदंडा येथील अनुभव लक्षात घेता प्रत्येक पाइलसाठी दोन अभियंत्यांनी स्वतंत्र अंदाज काढावेत, अशी सूचना होती. किहीमपासून पुढे सगळ्या साइटवर तसे दोन रकाने आले. मी पुढे अशा पुष्कळ नोंदवह्या बघितल्या. दोन्ही रकान्यांत नेहमी एकच आकडा असतो, आणि बरेचदा एकाच अक्षरातला.

मॅडम माझ्यावर किती दिवस रागावल्या होत्या ते मला सांगता येणार नाही, कारण त्यांनी मला कामावरून काढलं नाही आणि एका शब्दाने बोलल्याही नाहीत. बदल एवढाच केला, की चिठ्ठी बंद. आता मी माझा आकडा आधी, सगळ्यांसमोर उभं राहून, मोठ्याने सांगायचा, आणि त्यानंतर त्या त्यांचा सांगणार.

पुलाची जागा तीच राहिली, पाइल खोल गेले. नव्या पहिल्या पाइलच्या वेळी भरती-ओहोटीच्या मधल्या वेळात सगळे गोळा झाले. मी म्हणाले, "दोनशे दहा."

"तीनशे," मॅडम म्हणाल्या.

मॅनेजरने कपाळावर हात मारला. फरक पावपटीच्या वर होता. काम थांबलं. आम्ही दोघी शेडमध्ये बसलो, मातीच्या नमुन्यांच्या पेट्या पुढ्यात घेऊन. मॅडम म्हणाल्या की तू घाबरून आकडा कमी सांगतेयस. मी म्हणाले की तुम्ही मागच्या चुकीला भीत नाही हे दाखवायला वाढवून सांगताय. आवाज चढले. अठरा मीटरवरच्या नमुन्यावरून मी त्यांना चक्क म्हणाले, "मॅडम, तुम्हाला दिसत नाहीये का? ही वाळू नाही!" बाहेर चांगुणाताई बाळू मिस्त्रीला विचारत होती, "पोरगी मॅडमला वराडते, का रं?" मॅडमनी ते ऐकलं, आणि त्यांना काय झालं कुणास ठाऊक, त्या भांडता भांडता हसायला लागल्या. दुपारी दोघींनी एकमेकींचा हिशेब तपासला. कुणीही हटलं नाही. एका गोष्टीवर मात्र एकमत झालं, की पाइल आणखी दीड मीटर खाली न्यायचा. त्यानंतरही दोघींनी आपापला आकडा बदलला नाही.

परीक्षेत बारा मिलिमीटर झाले ते दोनशे पंचावन्नला. मी पंचेचाळीसने चुकले होते आणि त्याही पंचेचाळीसनेच. पुलाला लागत होतं त्यापेक्षा हे कितीतरी जास्त होतं. पूल झाला, आज त्याच्यावरून टेम्पो जातात.

मॅडमनी अहवालात लिहिलं: दोन अंदाज घेतले. दोन्ही चुकीचे. दोन्ही स्वतंत्र.

दोन दिवसांनी त्या अधिकाऱ्याचा फोन आला. मॅडमनी तो स्पीकरवर टाकला. "मॅडम, अहवाल उत्तम आहे. फक्त त्यातला 'चुकीचे' हा शब्द काढता येईल का? वर वाचायला बरं दिसत नाही."

मॅडमनी चष्मा कपाळावर चढवला आणि माझ्याकडे बघितलं.

"काढा साहेब," त्या म्हणाल्या. "पण 'स्वतंत्र' हा शब्द राहू द्या. त्याला फार महिने लागलेत."